पापडाचा हिशेब आणि पाहुण्यांची वही

फेब्रुवारी २०२१ मध्ये जव्हार तालुक्यातील एका संस्थेच्या ताईंचा मला फोन आला, तेव्हा त्यांना माझ्याकडून फक्त एक चांगला प्रस्ताव लिहून हवा होता. सहकारी बँकेतील शेतीकर्ज विभागातून निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या आसपासच्या काही लहान संस्थांना हिशेबाच्या कामात मदत करीत असे आणि त्यातूनच कुणीतरी त्यांना माझे नाव सांगितले होते. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करीत जव्हारला जाणारा रस्ता साधारण ८० किलोमीटरचा आहे. तो माझ्या ओळखीचा होता, त्यामुळे प्रस्ताव नंतर पाहू, आधी कीर्द आणि खतावणी पाहतो, असे सांगून मी एसटीने निघालो.

संस्थेची अडचण समजायला फार वेळ लागला नाही. २०२०-२१ च्या अंदाजपत्रकातील ६२ लाख रुपयांपैकी ५० लाख एकाच ठिकाणाहून येणार होते. ते ठिकाण म्हणजे परदेशातून देणग्या घेऊन त्या आपल्याकडच्या लहान संस्थांना वाटून देणारी एक मोठी भारतीय संस्था. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय अंशदानाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने असे वाटप पूर्णपणे बंद केले. पूर्वी दोन्ही संस्थांची त्या कायद्याखाली नोंदणी असली की पैसा एकीकडून दुसरीकडे देता येत असे, आता नोंदणी असली तरी देता येत नाही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि परकीय देणगी घेण्यासाठी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते उघडणे बंधनकारक केले. ताईंच्या संस्थेची स्वतःची नोंदणी होती, पण परदेशातील देणगीदाराशी थेट ओळख एकही नव्हती, कारण गेली ११ वर्षे ती ओळख ठेवण्याचे काम मधल्या संस्थेनेच केले होते. मंजूर झालेला शेवटचा हप्ता आलाच नाही. १९ कार्यकर्त्यांचे पगार मात्र दर महिन्याला द्यायचे होते.

अशा वेळी बहुतेक संस्था जे करतात तेच इथेही ठरले होते. एक नवा मोठा देणगीदार शोधायचा आणि जोडीला काहीतरी विकून ‘स्वावलंबी’ व्हायचे. विकायला नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड होते. संस्थेने २०१६ पासून वारली आणि कोकणा महिलांच्या एका बचत गटाला हाताशी धरून पापड करवून घेतले होते, ते नाशिक आणि ठाण्याच्या प्रदर्शनांत विकले जात आणि संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो असे. ताईंच्या मनात पापड वर्षाला ६०० किलोंवरून ५ टनांवर न्यायचे होते. “काका, किलोमागे ५७ रुपये सुटतात,” त्या म्हणाल्या, “पाच टन केले तर पावणेतीन लाखांच्या वर होतील, दोन कार्यकर्त्यांचे पगार निघतील.”

५७ हा आकडा कुठून आला, हे मी हिशेबनिसांना विचारले. नागली, पापडखार, तीळ, मीठ, पिशवी आणि लेबल मिळून किलोला ८८ रुपये, महिलांना लाटण्याची मजुरी किलोला ८० रुपये आणि वाहतूक १५ रुपये, असे १८३ होत होते आणि विक्रीची किंमत २४० रुपये होती. वहीत बेरीज बरोबर होती. मला खटकला तो मजुरीचा आकडा, कारण किलोला ८० रुपये म्हणजे दिवसाला किती, हे कुणालाच सांगता येईना.

मार्चमध्ये मी पुन्हा गेलो तो मुद्दाम पापडाच्या दिवशी, आणि घड्याळ व वजनकाटा घेऊन गटाच्या ओसरीवर सकाळी नऊपासून बसलो. पाच महिला होत्या. नागलीची उकड आदल्या रात्रीच्या पिठाची होती, ती मळायलाच पहिला पाऊण तास गेला आणि तो पाऊण तास मजुरीच्या हिशेबात कुठेच नव्हता. मग प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून लाटणे, कागद सोलून पापड खाटेवर पसरणे, वारा सुटला की धावत जाऊन कडा दाबणे, दुपारी ते उलटणे, कोंबड्या हाकणे, असे सगळे चालू होते. एक महिला मधूनच मुलाला पाजायला उठली, तर दुसरीने न सांगता तिचे लाटणे उचलले. संध्याकाळी पाच वाजता आदल्या दिवशीच्या तितक्याच कामाचे वाळलेले पापड आम्ही तोलले, तेव्हा काट्यावर ११ किलो भरले आणि शेजारच्या पातेल्यात तुकडे वेगळे होते. ११ किलोला पाच महिला, म्हणजे प्रत्येकीला २.२ किलो आणि १७६ रुपये. त्या मार्चमध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती आणि एप्रिलपासून ती २४८ झाली. ज्या संस्थेने रोजगार हमीची कामे मिळावीत म्हणून तहसील कचेरीवर मोर्चे नेले होते, तीच संस्था आपल्या ओसरीवर त्याहून कमी मजुरी देत होती आणि हे तिलाच ठाऊक नव्हते.

मी हा आकडा ताईंना सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर त्यांनी पहिला निर्णय घेतला तो नफ्याचा नव्हता. मजुरी किलोला ११५ रुपये करायची, म्हणजे दिवसाला २५३ पडतील, आणि मग उरलेला हिशेब काय होतो ते पाहायचे. आम्ही दोघांनी आणि हिशेबनिसांनी मिळून तो पुन्हा मांडला. कच्चा माल ८८, मजुरी ११५, तुकडे आणि दमट हवेने वाया जाणारा माल मिळून २०, देखरेख करणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराचा वाटा आणि जीपचे डिझेल ४२, दुकानदाराचे कमिशन किंवा प्रदर्शनातील गाळ्याचे भाडे सरासरी ५०. एकूण ३१५ रुपये झाले. २४० ला विकलेल्या प्रत्येक किलोमागे संस्था ७५ रुपये घालवीत होती आणि ते पैसे कुठून जात होते, तर कुपोषणाच्या प्रकल्पातील कार्यकर्ती आणि पाणलोटाच्या प्रकल्पातील जीप यांच्या खर्चातून. पाच टन केले असते तर पावणेचार लाखांचा खड्डा पडला असता, आणि तोही अनुदानाच्या पैशात दडलेला, म्हणून कुणाला न दिसणारा.

या हिशेबातून खरा प्रश्न मात्र वेगळाच बाहेर आला आणि माझ्या मते या क्षेत्रातील निम्मे घोटाळे त्याच्यापाशी होतात. महिलांची उपजीविका वाढवणे हे संस्थेचे काम आहे आणि संस्थेचे स्वतःचे उत्पन्न वाढवणे ही संस्थेची गरज आहे, आणि आपण या दोन्ही गोष्टी एकाच पापडाकडून मागत होतो. पापडात चार पैसे सुटलेच, तर त्यांवर पहिला हक्क लाटणाऱ्या बाईचा. त्यातून संस्थेने आपला पगार काढायचा म्हणजे जिच्यासाठी संस्था उभी राहिली तिच्याच ताटातला घास उचलायचा. म्हणून जून २०२१ मध्ये पापडाचा व्यवहार गटाकडे सोपवला गेला. गटाच्या नावावर अन्नसुरक्षेची नोंदणी झाली, जी १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत असे, आणि संस्थेने एवढेच केले की पहिले वर्ष हिशेबाची वही कशी ठेवायची ते शिकवले. गटाने प्रदर्शने बंद केली, किंमत ३२० केली आणि जव्हारमधील दोन दुकाने व बदली होऊन आलेल्या शिक्षकांची काही घरे एवढेच गिऱ्हाईक धरले. आज ते ४०० किलोंच्या आसपास करतात. कमी करतात, पण तोट्यात करीत नाहीत.

मग संस्थेने विकायचे काय? या प्रश्नावर आम्ही दोन दिवस बसलो आणि काहीच सुचेना. आंब्याची कलमे, गांडूळखत, वारली चित्रांच्या पिशव्या अशी नेहमीची यादी झाली आणि प्रत्येकीपुढे मी तोच प्रश्न लिहीत गेलो, की हे कोण घेणार, आणि आपल्यापेक्षा स्वस्तात कोण देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर कंटाळून मी टेबलावरची पाहुण्यांची अभिप्राय वही चाळायला घेतली. ‘अत्यंत प्रेरणादायी भेट’, ‘आपल्या कार्यास सलाम’, ‘पुन्हा यायला नक्की आवडेल’. पाने उलटता उलटता मला बँकेतली जुनी सवय आडवी आली आणि मी माणसे मोजू लागलो. साथीच्या आधीच्या वर्षात, म्हणजे २०१९-२० मध्ये, २३ गटांतून ६४० माणसे येऊन गेली होती. समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी, शेतीशाळांच्या सहली, मुंबईतल्या कंपन्यांचे कर्मचारी, इतर संस्थांचे कार्यकर्ते. ती माणसे जेवली होती, अनेक जण मुक्कामाला राहिली होती, एक कार्यकर्ता दिवसभर त्यांना बंधारे आणि रोपवाटिका दाखवीत फिरला होता. स्वयंपाकघराचे, विजेचे आणि कार्यकर्त्याच्या वेळेचे मिळून माणशी ३१० रुपये धरले, तरी त्या वर्षी संस्थेने जवळजवळ दोन लाख रुपये अभिप्रायांवर खर्च केले होते.

लोकांना नेमके काय पाहायचे असते ते वहीतच लिहिलेले होते. उताराच्या जमिनीवर पाणी अडवायची पद्धत, राब न भाजता, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा न जाळता, नागलीचे रोप तयार करण्याचा प्रयोग, गावसभेची बैठक कशी चालते. वीस वर्षांत संस्थेने जे शिकले ते शिकायला माणसे तिकीट काढून येत होती. पैसे मागायचे कुणाला सुचले नव्हते एवढेच.

सुचल्यावरही ते सोपे नव्हते. “आलेल्या माणसाला जेवायला घालायचं आणि त्याच्यापुढे पावती ठेवायची?” असे ताईंनी विचारले आणि या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, कारण माझ्याही घरचे वळण तेच होते. विश्वस्तांच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा सर्वांत ज्येष्ठ विश्वस्तांनी कडाडून विरोध केला. ते स्वतः रयतच्या शाळेत शिकलेले. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती मुष्टिफंडावर, घराघरांतल्या बायकांनी दळणातून बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर, दुकान मांडून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मी म्हटले, “अण्णा, त्याच रयतमध्ये मुलांना कमवा आणि शिका हेही होते.” शिवाय मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा दाखला दिला. डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले, पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांकडून पैसे घेतले आणि त्यातूनच न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया फुकट केल्या. कुणाकडून घ्यायचे आणि कुणाकडून नाही हे ठरवणे महत्त्वाचे, घेणे हे पाप नव्हे. अण्णा पटले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी एक अट घातली आणि ती अट चांगली होती. आदिवासी भागातून येणाऱ्या कोणत्याही गटाकडून एक पैसा घ्यायचा नाही. ती आम्ही ठरावात लिहिली.

दर ठरवताना आम्ही पापडाच्या वेळची चूक केली नाही. दोन जेवणे, चहा, गाद्यांची धुलाई, मार्गदर्शक कार्यकर्त्याचा दिवस, गावातल्या ज्या शेतकऱ्याच्या बांधावर जायचे त्याचे मानधन, हॉलची झीज, सगळे मांडून कंपन्यांसाठी माणशी दिवसाला ९५० रुपये आणि विद्यार्थ्यांसाठी निम्मे असे ठरले. गावातल्या शेतकऱ्याचे मानधन हा रकाना ताईंनी सुचवला आणि त्यामुळे एक न योजलेली गोष्ट घडली. आपल्या शेतावर पाहुणे येऊन फोटो काढून जातात, याबद्दल गावात जी धुसफूस होती, ती थांबली.

पहिले दरपत्रक ऑक्टोबर २०२१ मध्ये एका महाविद्यालयाला गेले. ताईंनी ते चार वेळा लिहिले. तिसऱ्या मसुद्यात दराच्या आधी तीन परिच्छेद क्षमायाचना होती, ती मी काढायला लावली. त्या महाविद्यालयाने उत्तरच दिले नाही. पुढच्या चारपैकी एका गटाने भेट रद्द केली आणि तिघांनी, कसलीही घासाघीस न करता, पैसे भरले. २०२२-२३ मध्ये ४१० मनुष्यदिवस भरले आणि विद्यार्थी व कंपन्या मिळून सरासरी ७२० रुपयांनी सुमारे २ लाख ९५ हजार रुपये आले. पाहुण्यांची संख्या घटली, हे खरे. जे नुसतेच येत असत ते येईनासे झाले आणि कार्यकर्त्यांना कामाचे दिवस परत मिळाले, हा फायदा मी कुठल्याच रकान्यात दाखवू शकलो नाही.

मधल्या काळात कायद्याची बाजू सांभाळायची होती आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. धर्मादाय संस्थेने फी घ्यावी की नाही, यावर कार्यकर्त्यांमध्ये दोन टोकांच्या समजुती असतात. काहींना वाटते की एक रुपया मिळवला तरी करमाफी जाईल, काहींना वाटते की हेतू चांगला असला की सगळे चालते. आमच्या सीएंनी जे समजावले ते असे. तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या, आयकर कायद्याच्या कलम २(१५) मध्ये धर्मादाय हेतूचे प्रकार सांगितले होते. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचे रक्षण वगैरे प्रकार एकीकडे आणि ‘सर्वसाधारण लोकोपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट’ हा शेवटचा मोकळा प्रकार दुसरीकडे. या शेवटच्या प्रकारात मोडणाऱ्या संस्थेला व्यापारासारख्या कामातून मिळणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ लावताना म्हटले की खर्चाइतकी किंवा त्याहून नाममात्र अधिक फी घेणे हा व्यापार नव्हे, पण खर्चाच्या मानाने बरीच जास्त घेतली तर तो व्यापाराच्या जवळ जातो. आणि व्यवसाय उद्दिष्टाला पूरक असला तरी कलम ११(४अ) प्रमाणे त्याची हिशेबाची पुस्तके वेगळी ठेवावीच लागत. आमच्या संस्थेच्या घटनेत शिक्षण आणि गरिबांचे साहाय्य होते, पण लोकोपयोगाचे मोघम कलमही होते, म्हणून सीएंनी सावधगिरीने आम्हाला २० टक्क्यांच्या आत राहायला सांगितले. माणशी खर्चाचा जो तक्ता आम्ही दर ठरवण्यासाठी केला होता, तोच त्यांनी फाइलला लावून घेतला. फी खर्चाच्या जवळ आहे, याचा तोच पुरावा.

एका हितचिंतकाने वेगळी खासगी कंपनी काढून तिच्यात हे काम टाकण्याचा सल्ला दिला होता. मोठ्या उलाढालीला तो योग्यही असेल, पण सार्वजनिक न्यासाचा पैसा कशात गुंतवता येतो, हे त्याच आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये बांधून दिलेले होते आणि असल्या कंपनीचे भाग त्यात बसत नव्हते. तीन लाखांच्या फीसाठी दोन लेखापरीक्षणे आणि दोन ठिकाणची विवरणपत्रे भरणे हे तर नाकापेक्षा मोती जड. वस्तू व सेवा कराचा प्रश्न आला नाही, कारण फी आणि इतर करपात्र सेवा मिळून आम्ही नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या फार खाली होतो.

सेवांचे दुसरे अंग पाणलोट सर्वेक्षणाचे होते आणि त्यात आम्ही पोळलो. संस्थेतले दोन कार्यकर्ते उताराची मोजणी, नाल्याच्या पाण्याचा अंदाज आणि बंधाऱ्याची जागा ठरवणे यांत तरबेज होते, तेव्हा शेजारच्या तालुक्यातील एका संस्थेने दोन गावांचे काम दिले, ते चोख झाले आणि पैसेही वेळेवर आले. त्या उत्साहात एका सरकारी योजनेतील प्रशिक्षणाचे मोठे काम घेतले. १२ शिबिरे झाली, १ लाख ८० हजारांचे बिल लागले आणि ते हातात पडायला नऊ महिने लागले. कधी सही राहिली, कधी उपस्थितीपत्रकाची दुसरी प्रत मागितली गेली, मग आर्थिक वर्ष संपले. किराणावाला नऊ महिने थांबत नाही. बँकेतून तात्पुरते कर्ज उचलावे म्हटले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या अर्जाची वाट पाहण्यात बिलच आधी आले असते. शेतीकर्जात उभी हयात गेलेल्या मला हे आधी सुचायला हवे होते. उधारीवर धंदा करायचा तर खेळते भांडवल लागते आणि आपल्या संस्थांपाशी नेमके तेच नसते. ती चूक माझी. त्यानंतर फीच्या शिलकेतून दीड लाखांचा फिरता निधी बाजूला काढला गेला आणि निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्याशिवाय कोणतेही काम घ्यायचे नाही, असा नियम झाला. सरकारी कामे त्यामुळे आपोआप बंद झाली.

फीच्या जोडीला देणग्यांचे दरवाजेही वाढवायचे होते. सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल, मी थोडक्यातच लिहितो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. आम्हाला दोन कंपन्या मिळाल्या. दोन्हीकडे एकच वाद झाला. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा नियमांत आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, पण समोरचे अधिकारी ती आमच्या हिशेबनिसांच्या पगाराला लावीत होते. नियमाचे पान पुढे ठेवल्यावर एकाने मान्य केले, दुसऱ्याने ‘आमचे धोरण आहे’ म्हणून विषय संपवला. त्या कंपनीच्या प्रकल्पाचे हिशेब आजही फीच्या पैशावर लिहिले जातात, आणि कमावलेल्या थोड्या रकमेचे मोल किती असते, हे मला तिथे कळले. अनुदानातला प्रत्येक रुपया कुठल्यातरी रकान्याला बांधलेला असतो, फीचा मोकळा असतो.

वैयक्तिक देणगीदारांचे काम सर्वांत हळू चालले आणि त्यातच मला सर्वाधिक आनंद झाला. वीस वर्षांच्या शिबिरांच्या नोंदवह्यांतून ताईंनी ३०० पत्ते काढले. पहिले पत्र संस्थेच्या कार्याचा आढावा घेणारे, छापील, देखणे होते आणि त्याला सात उत्तरे आली. दुसरे पत्र ताईंनी एका रात्री हाताने लिहिले. जीपचे चारही टायर गुळगुळीत झाले आहेत, पावसाळ्यात घाट उतरताना चालकाचा जीव मुठीत असतो, आणि टायरसाठी अनुदान कुणीच देत नाही, इतकेच त्यात होते. चार टायरांपुरते पैसे आठवड्यात आले आणि उरले त्यात बॅटरी बदलली. त्यानंतर दर दोन महिन्यांनी असे एक पानभर पत्र जाऊ लागले. दरमहा ५०० रुपये बँकेतून परस्पर वळते करायला ४६ जण तयार झाले, वर्षाअखेरीस त्यांतले ३१ टिकले.

या कामात कागद फार असतो, तो नव्याने हात घालणाऱ्यांनी आधीच धरून चालावा. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत देणगीदाराला मिळायची तर तेव्हा संस्थेला प्रत्येक देणगीची माहिती १०बीडी या विवरणपत्रात ३१ मेपर्यंत भरावी लागे आणि मग १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागे. २,००० रुपयांवर रोख दिले तर देणगीदाराला सवलतच नाही. पॅन चुकला की जूनमध्ये फोन सुरू होतात. एकदा तर गंमत अंगाशी आली असती. २००४ च्या शिबिरातला एक मुलगा, आता न्यू जर्सीत स्थायिक, त्याने प्रेमाने २०,००० रुपये संस्थेच्या जव्हारच्या खात्यावर पाठवले. तो भारताचा नागरिक असता आणि स्वतःच्या कमाईतून दिले असते, तर ती परकीय देणगी ठरली नसती. पण त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते आणि अशा माणसाची देणगी दिल्लीच्या त्या खात्यातच यायला हवी. हिशेबनिसांनी पैसे जमा झाल्याच्या दिवशीच चौकशी केली म्हणून बरे झाले. रक्कम परत केली, पत्रव्यवहार फाइलला लावला आणि त्याला योग्य खात्याचा क्रमांक कळवला. तो दुखावला. दोन महिन्यांनी मात्र त्याने पुन्हा पाठवले.

मार्च २०२४ अखेर ताळेबंद झाला तेव्हा वर्षाची जमा ५४ लाख होती, म्हणजे २०२० च्या अंदाजपत्रकापेक्षा ८ लाखांनी कमी. एका कंपनीकडून २३, दुसरीकडून ९, एका भारतीय प्रतिष्ठानाकडून ११, फी आणि सर्वेक्षणातून ५ लाख ९० हजार, वैयक्तिक देणग्या ३ लाख ६० हजार आणि व्याज वगैरे दीड लाख. सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा ८० टक्क्यांवरून ४३ वर आला होता. कार्यकर्ते १९ चे १४ झाले होते, ही गोष्ट आकड्यांच्या खाली झाकू नये. जे पाच जण गेले त्यांतल्या दोघांना मीच कामावरून कमी करण्याचा सल्ला दिला होता आणि त्यांतला एक मला जव्हारच्या बाजारात दिसला की अजून मान फिरवतो. फीच्या ५ लाख ९० हजारांतून सगळा खर्च जाऊन २ लाख १० हजार उरले. ज्यांनी मला सुरुवातीला ‘स्वावलंबन’ हा शब्द ऐकवला होता, त्यांना ही रक्कम फारच किरकोळ वाटली. पण एप्रिलमध्ये, जेव्हा एका कंपनीचा हप्ता मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येणार नाही असे कळले, तेव्हा त्याच पैशातून आणि साठवलेल्या व्याजातून १४ जणांचे पगार १ तारखेला झाले. २०२० च्या डिसेंबरात हेच पगार ताईंनी आपली पाटल्यांची जोडी गहाण टाकून केले होते, हे मला त्या दिवशी हिशेबनिसांनी सांगितले, ताईंनी नव्हे.

परवा गेलो होतो. टेबलावर नवी अभिप्राय वही होती, हिशेबनिसांनी पट्टीने रेघा मारून तिच्यात एक रकाना वाढवला आहे, ‘पावती क्र.’ असा. काही ओळींसमोर तिथे आडवी रेघ होती. मी विचारले, तर मोखाड्याकडच्या पाड्यांवरचे गट होते ते, अण्णांच्या अटीतले. एका पानावर मात्र आडव्या रेघेच्या शेजारी कुणीतरी कच्च्या अक्षरात लिहिले होते, ‘दोन पायली वरई दिली’. हिशेबनीस मला विचारीत होते की ही वरई जमेला कुठल्या खात्यात धरायची.